नळ, नळी आणि मधला जोड

गच्चीवर दहा कुंड्या असोत की बंगल्याभोवती दोन गुंठ्यांची बाग, पाणी घालायची नळी विकत आणली की पहिला प्रश्न पडतो तो हाच: ही नळाला बसवायची कशी? नळाचं तोंड एका मापाचं, नळी दुसऱ्या मापाची आणि पुढे लावायचा फवारा तिसऱ्याच मापाचा निघतो. मग पाणी झाडांना कमी आणि जोडातून जास्त जातं. या अडचणीवर आपल्याकडे दोन तऱ्हेने विचार होतो. एक विचार म्हणतो, माप शोधा आणि त्या मापाचाच जोड लावा. दुसरा म्हणतो, हाताशी आहे त्यातून जमवा, पाणी चालू झाल्याशी कारण.

दोन्ही विचारांची बाजू पुरती ऐकून घ्यावी म्हणून हा संवाद. यातले भावोजी पिंपरीच्या कारखान्यात उभं आयुष्य लेथवर आटे कापून निवृत्त झाले आहेत. वहिनी कोथरूडमधल्या सातमजली सोसायटीच्या गच्चीवर भाज्या आणि फुलझाडं वाढवतात. न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलीने त्यांना पितळी फवारा-गन पाठवली. ती इथल्या नळीला बसेना, तेव्हा त्यांनी भावोजींना बोलावलं.

वहिनी: गन चांगली जड आहे, भावोजी. नळीच्या टोकाला इथल्या दुकानातला पाऊण इंची जोड लावला. त्याच्यावर पाऊण इंच लिहिलंय, गनच्या पाकिटावरही पाऊण इंच. तरी दीड वेढा फिरतो आणि अडतो.

भावोजी: पान्याने आवळू नका. पितळ मऊ असतं, आटे कापले जातील. दोन्हीकडे लिहिलेला पाऊण इंच खरा आहे, पण पद्धती दोन आहेत. आपल्या पाऊण इंची जोडावर एका इंचात १४ आटे बसतात. अमेरिकेतल्या बागेच्या नळीवर इंचाला साडेअकरा. बाहेरचा व्यास आपला २६.४ मिलिमीटर, त्यांचा २७. व्यासातला फरक अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणून तोंड आत शिरतं आणि आपल्याला वाटतं की बसलं. पण दोन आट्यांमधलं अंतर आपलं १.८ मिलिमीटर आणि त्यांचं २.२. प्रत्येक वेढ्याला ०.४ मिलिमीटरची चूक साठत जाते. दीड-दोन वेढ्यांत ती इतकी होते की आटा आट्यावर चढतो.

वहिनी: मग टेफ्लॉन टेप जाड गुंडाळली तर? प्लंबर सगळीकडे तेच करतात.

भावोजी: टेप बारीक फट भरते, आट्यांमधलं अंतर बदलत नाही. इथे जाड टेप गुंडाळाल तर ती चिरडून लगदा होईल आणि गनच्या जाळीत जाऊन बसेल.

वहिनी: पण एकाच कामाला दोन पद्धती कशाला हव्यात? पाणी तिथलं काय आणि इथलं काय.

भावोजी: इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांचं एक माप सुचवलं. त्याआधी प्रत्येक कारखाना आपापले आटे पाडायचा, एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जायचा नाही. व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ साली फिलाडेल्फियात ६० अंशांचा आटा मांडला, कारण तो कापायला सोपा होता. तिथून दोन वाटा फुटल्या. आपल्याकडे नळकाम इंग्रजांबरोबर आलं, त्यामुळे आपले नळ, सॉकेट, निपल सगळे व्हिटवर्थच्या वाटेवर. त्याला बीएसपी म्हणतात. भारतीय मानक आयएस ५५४ मध्येही पाइपाचे हेच आटे आहेत. अमेरिकेत घरातल्या पाइपांचे आटे वेगळे आणि बागेच्या नळीचे त्याहून वेगळे. तुमची गन त्या तिसऱ्या प्रकारातली.

वहिनी: आता माझं ऐका. माझ्या गच्चीवर आट्यांचं काम अडतच नाही. नोजलचा नळ आहे, त्याच्यावर नळी ढकलायची, वरून क्लिप आवळायची, संपलं. उन्हाने टोक सैल पडलं की दोन बोटं कापायचं आणि पुन्हा चढवायचं. नळी कुठल्या कंपनीची, नळ कुठला, मला विचारावं लागत नाही. सुटा जोड मोडला तर बाजारात पळावं लागतं. माझी रीत मोडली तर कात्री पुरते.

भावोजी: क्लिप ही उत्तम वस्तू आहे, वहिनी. तिला जुबली क्लिप म्हणतात. लम्ली रॉबिन्सन नावाच्या इंग्रज नौदल अधिकाऱ्याने १९२१ साली तिचं पेटंट घेतलं. स्क्रू फिरवला की पट्टी सगळीकडून सारखी आवळली जाते. तारेचा वेढा एकाच रेषेत नळी कापतो, तसं क्लिप करत नाही. पण मला एक सांगा, खाली पार्किंगमधल्या नळाला हीच रीत चालते?

वहिनी: नाही चालत. माळीकाका गाड्यांच्या बाजूची झाडं भिजवतात तेव्हा दर दोन-चार दिवसांनी नळी उडते. क्लिप घट्ट असूनही. मला वाटायचं, त्यांना आवळता येत नाही.

भावोजी: त्यांचा हात ठीक आहे, दाब वेगळा आहे. पाण्याची उंची दहा मीटर असली की साधारण एक किलो दाब मिळतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. तुमची टाकी गच्चीवरच्या नळापेक्षा फार तर दोन मीटर उंच. म्हणजे दाब पाव किलोच्याही आत. तीच टाकी पार्किंगच्या नळाला वीस-एकवीस मीटर उंच पडते, तिथे दोन किलो. आता नळीच्या आतल्या भोकाचं क्षेत्र बघा. अर्धा इंची नळीचं सव्वा चौरस सेंटिमीटर, एक इंचीचं पाच. दोन किलो दाबाला अर्धा इंची नळी अडीच किलोच्या जोराने नोजलवरून निसटायला बघते. एक इंची नळी दहा किलोच्या जोराने. खाली कुठली नळी आहे?

वहिनी: एक इंची. आणि पुढे बंद होणारा फवारा आहे.

भावोजी: मग उडणारच. नळीचं तोंड उघडं असताना पाणी वाहून जातं, नळाजवळच्या जोडावर फारसा दाब राहत नाही. पुढचा फवारा बंद केला की वाहणं थांबतं आणि टाकीचा सगळा दाब नळापासून फवाऱ्यापर्यंत प्रत्येक जोडावर येऊन उभा राहतो. उघड्या नळीला जी क्लिप पुरते, ती बंद फवाऱ्याला पुरेलच असं नाही. तुमची रीत गच्चीवर इतकी वर्षं टिकली, कारण तिथे दाब कमी आणि नळीचं तोंड उघडं.

वहिनी: हे पटलं. पण मग उलटंही खरं असणार. तुमची ती खटकन बसणारी प्लास्टिकची जोडणी आणि ही गन, दोन्ही माझ्या गच्चीवर काय कामाची? पाव किलो दाबात गन फवारणार तरी काय?

भावोजी: नाही फवारणार. नुसती धार गळेल. अशा गनला दीड-दोन किलो दाब लागतो. आणि खटक्याच्या जोडणीतलं भोक नळीपेक्षा लहान असतं, त्यामुळे कमी दाबाच्या ठिकाणी धार आणखी बारीक होते. तुमच्या गच्चीला मोठ्या भोकाची, उघड्या तोंडाची नळीच बरी. अर्धा इंचीऐवजी पाऊण इंची घेतली तर आतलं क्षेत्र सव्वादोन पट होतं, बादली लवकर भरते.

वहिनी: पाऊण इंचीच वापरते मी. पण माझ्या नळाचं नोजल अर्धा इंची नळीचं आहे, पाऊण इंची त्यावर सैल बसते. म्हणून जुन्या अर्धा इंची नळीचा बोटभर तुकडा आधी नोजलवर चढवते, त्याच्यावर पाऊण इंची नळी, वरून क्लिप. थेंब गळत नाही. तुम्ही याला जुगाड म्हणाल.

भावोजी: नाही म्हणणार. तुमच्या अर्धा इंची नळीची भिंत तीन मिलिमीटर जाड आहे. आतला व्यास १२.७ आणि दोन्ही बाजूंची भिंत धरली की बाहेरून १८.७ होतो. पाऊण इंची नळी आतून १९ मिलिमीटर. तीन दशांश मिलिमीटरची फट राहते आणि ती क्लिप दाबून टाकते. तुम्ही पट्टी लावली नसेल, पण हाताने माप घेतलंच होतं. म्हणून ते टिकलं. तेच काम दोन मिलिमीटर भिंतीच्या तुकड्याने केलं असतं तर फट अडीच मिलिमीटरच्या आसपास गेली असती, क्लिप आवळताना नळीला चुणी पडली असती आणि चुणीतून पाणी आलं असतं.

वहिनी: म्हणजे माझी रीत मापामुळे चालते, असं तुमचं म्हणणं.

भावोजी: हो. मापाशिवाय कुठलाच जोड चालत नाही. काहींचं माप छापलेलं असतं, काहींचं हाताला कळतं. हाताला कळलेलं माप दुसऱ्याला सांगता येत नाही, एवढाच फरक. उद्या तुम्ही आठ दिवस गावाला गेलात आणि शेजारणीने पातळ नळीचा तुकडा घातला तर तिला कळणार नाही, की का गळतंय.

वहिनी: मग दुकानात माप विचारलं तर नीट उत्तर का मिळत नाही? अर्धा इंच म्हटलं की तो पाच वस्तू पुढे टाकतो. एकही दुसरीत जात नाही.

भावोजी: कारण प्रत्येक वस्तूचा अर्धा इंच वेगळ्या ठिकाणी मोजतात. बागेच्या नळीचा अर्धा इंच म्हणजे आतलं भोक, १२.७ मिलिमीटर. नळाच्या अर्धा इंची आट्यांवर पट्टी ठेवा, बाहेरून २१ मिलिमीटर भरतील. त्यात कुठेही अर्धा इंच सापडणार नाही. जुन्या काळच्या लोखंडी पाइपाच्या आतल्या भोकावरून ते माप पडलं, पुढे भिंती पातळ झाल्या आणि माप तेच राहिलं. सीपीव्हीसीचा अर्धा इंची पाइप बाहेरून १५.९ मिलिमीटर. आणि ठिबकची १६ मिलिमीटरची लॅटरल घेतली तर ते बाहेरचं माप, आतलं भोक भिंतीच्या जाडीप्रमाणे बदलतं.

वहिनी: ठिबकचा मला चांगला अनुभव आहे. कुंड्यांसाठी संच आणला होता, तो नळाच्या नळीला जोडायला गेले तर एकाला मिलिमीटर, दुसऱ्याला इंच. आपल्या महाराष्ट्रात ठिबक एवढं पसरलंय, जळगावकडे तर कारखानेच आहेत. शेतकरी हे कसं निभावतात?

भावोजी: शेतात मुख्य पाइपापासून शेवटच्या नळीपर्यंत सगळं एका पद्धतीचं असतं. ६३ किंवा ७५ मिलिमीटरचा पाइप, त्याला भोक पाडून रबरी ग्रोमेट, त्यात टेक-ऑफ, त्यावर १६ मिलिमीटरची लॅटरल. सगळी मापं मिलिमीटरमध्ये आणि पाइपाची मापं बाहेरची. शेतकऱ्याला इंचाशी गाठ एकाच ठिकाणी घालावी लागते, पंपाच्या तोंडाशी. तिथे आट्यांचा अॅडाप्टर लावला की पुढे सगळं सरळ. तुम्हीही तेच करा. नळावर अर्धा किंवा पाऊण इंची आटे असलेला आणि दुसऱ्या बाजूला १६ मिलिमीटरचं काटेरी तोंड असलेला जोड मिळतो. इंच आणि मिलिमीटर एकाच ठिकाणी भेटू द्यायचे. मध्ये तीन ठिकाणी भेटले की तीन ठिकाणी गळतं.

वहिनी: आता गळण्याचंच विचारते. आट्यांचा जोडही गळतोच की. वॉशिंग मशीनच्या नळाला प्लंबरने दहा वेढे टेप लावली, तरी टपटप.

भावोजी: कारण टेप चुकीच्या ठिकाणी लावली. आट्यांचे दोन प्रकार असतात. एक निमुळता, पुढे बारीक होत जाणारा. नळ भिंतीत बसवतो तो असा. तिथे पाणी आट्यांवरच अडवायचं असतं, म्हणून टेप लागते. पूर्वी ताग आणि सफेदा लावायचे ते यासाठीच. दुसरा सरळ, सगळीकडे सारख्या व्यासाचा. नळीच्या टोकाला फिरणारा नट असतो, तो या प्रकारचा. तिथे आटे फक्त ओढून धरायचं काम करतात. पाणी अडवतो नटाच्या तळाशी असलेला रबरी वायसर. तो कडक झाला, चिरला, हरवला किंवा दोन वायसर एकावर एक बसले की गळतं. तिथे दहा वेढे टेप लावली तर नट वायसरपर्यंत पोचतच नाही, आणि जास्तच गळतं. टेप काढा, नवा वायसर घाला, हाताने आवळा, वर पान्याने पाव वेढा. बास.

वहिनी: एवढीशी गोष्ट प्लंबरने सांगितली नाही.

भावोजी: त्याला कुणी शिकवली नसेल. म्हणून तर मी मापाच्या बाजूने बोलतो. मानकात सरळ आणि निमुळता हा फरक अक्षरात लिहिलेला असतो. सरळ आट्याला जी, निमुळत्याला आर. पाकिटावर नुसतं पाऊण इंच छापण्याऐवजी जी ३/४ छापलं तर वायसर लागणार हे वाचूनच कळतं.

वहिनी: पण छापत नाहीत ना. मग माणसाने करायचं काय? तुमच्यासारखा आट्यांचा गेज घरोघर कुठून असणार?

भावोजी: गेज तुमच्या घरात आहे. वॉशिंग मशीनच्या पाण्याच्या नळीचा नट पाऊण इंची सरळ बीएसपी आट्यांचा असतो, आपल्याकडेही आणि युरोपातही. त्याचा एक जुना नट ठेवून द्या. बागेच्या नळावर तो बोटांनी चार वेढे सहज फिरला तर तुमचा नळ पाऊण इंची बीएसपी. नट नसेल तर पट्टी घ्या. नळाच्या आट्यांवर अर्धा इंच लांबीत आटे मोजा. सात भरले तर इंचाला १४. सहाहून थोडे कमी भरले तर अमेरिकन नळीचे साडेअकरा. तिसरी रीत म्हणजे बाहेर आटे असलेल्या दोन वस्तू एकमेकींना बाजूने टेकवायच्या आणि उजेडाकडे धरायच्या. आटे एकमेकांत बसले आणि मधून उजेड आला नाही तर अंतर सारखं.

वहिनी: हे मला जमेल. आता त्या खटक्याच्या जोडणीचं बोला. तुम्हाला ती आवडते.

भावोजी: आवडते. जर्मनीत उल्म शहरात १९६१ साली सुरू झालेल्या गार्डेना कंपनीने १९६८ मध्ये ती बाजारात आणली. नळावर एक तोंड कायम बसवायचं, नळीच्या टोकाला दुसरं, आणि दोन्ही खटकन जोडायची. नळ वेगळा, नळी वेगळी, फवारा वेगळा असला तरी मधला खटका एकच. एका बागेत दहा वस्तू असतील तर फार सोय होते.

वहिनी: आणि त्या कंपनीची वस्तू संपली की? इथल्या बाजारात तशीच दिसणारी पाच नावांची मिळतात. एकीचा खटका दुसरीत बसतो, पण फवारा बंद केला की सुटतो. वर उन्हात प्लास्टिक दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होतं. आतली रबरी रिंग हरवली तर सुटी मिळत नाही, अख्खी वस्तू फेका. माप एकाच कंपनीच्या हातात गेलं तर ते माप माझं राहिलं का?

भावोजी: तुमचा हा मुद्दा मला खोडता येत नाही. एका कंपनीची पद्धत आणि सगळ्यांचं मानक या वेगळ्या गोष्टी आहेत. बीएसपी आटा कुणाच्या मालकीचा नाही. कुणीही पाडावा, कुणीही विकावा. खटक्याची नक्कल करणारे आपापल्या सोयीने खाच थोडी इकडेतिकडे करतात, म्हणून तो सुटतो. खटका लावायचाच तर नळापासून फवाऱ्यापर्यंत एकाच कंपनीचा घ्यावा, आणि नळावरचं तोंड मात्र बीएसपी आट्यांचं असावं. म्हणजे उद्या कंपनी बदलली तरी नळ बदलावा लागणार नाही.

वहिनी: भावोजी, एक मनापासून विचारते. बागेच्या नळीसाठी एवढा आटापिटा करावा का? गळलं तर थोडं पाणी जाईल, फार तर.

भावोजी: गच्चीवर रोज साठणारं पाणी स्लॅबमध्ये मुरतं आणि खालच्या घराच्या छताला ओल येते. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास होतात. तरी बागेपुरतं ते छोटं आहे, हे मान्य. पण न जुळणाऱ्या जोडामुळे शहर जळालेलं आहे. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब मदतीला आले. पण अनेकांच्या नळ्या बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसेनात, कारण प्रत्येक शहराचे आटे वेगळे होते. माणसं होती, पाणी होतं, नळ्या होत्या आणि मधला जोड जुळत नव्हता. तीस तासांहून जास्त आग चालली आणि दीड हजारांवर इमारती गेल्या.

वहिनी: बाप रे. मग त्यांनी सगळ्या शहरांचे आटे एक केले असतील.

भावोजी: दुसऱ्याच वर्षी, १९०५ मध्ये, अडीच इंची तोंड आणि इंचाला साडेसात आटे असं राष्ट्रीय मानक ठरलं. पण सगळ्या शहरांनी ते घेतलं नाही. जुने हायड्रंट उखडून नवे बसवायचे म्हणजे मोठा खर्च. १९९१ साली कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर आग लागली, तेव्हा तिथल्या हायड्रंटची तोंडं तीन इंची होती आणि बाहेरून आलेल्या बंबांचे जोड अडीच इंची. त्या आगीत २५ माणसं गेली.

वहिनी: म्हणजे मानक ठरूनही ८६ वर्षं उलटली होती. हेच मी म्हणते. सगळं जग एका मापाचं होईल म्हणून थांबलो तर घर जळून जाईल. ओकलंडला काय हवं होतं? तीन इंचाचं अडीच इंच करणारा जोड, प्रत्येक बंबावर. जमवून घ्यायची तयारी हवी होती.

भावोजी: खरं आहे. पण तो जोड बंबावर आधीपासून ठेवायचा तर समोर तीन इंची तोंड येणार आहे हे आधी माहीत हवं. आग लागल्यावर हाताने जमवता आलं नसतं. अॅडाप्टर करायला दोन्ही टोकांची मापं लागतात.

वहिनी: आणि आपल्याकडे? आपल्या जिन्यातल्या लाल पेटीत नळी आहे, तिचं काय?

भावोजी: आपण तिथे नशीबवान. भारतीय मानक आयएस ९०३ प्रमाणे आगीच्या नळीचा जोड ६३ मिलिमीटरचा, आणि त्याला आटेच नाहीत. एक टोक दुसऱ्यात ढकललं की खटका बसतो. अंधारात, धुरात, घाईत आटे जुळवत बसावं लागू नये म्हणून. बाहेरचा बंब आला तरी त्याची नळी तुमच्या इमारतीला बसते.

वहिनी: म्हणजे माझ्यासारखी ढकलून बसवायची रीत, आणि तुमच्यासारखं ठरलेलं माप.

भावोजी: अगदी तसं. दोन्ही एकत्र आली म्हणून ती भरवशाची.

वहिनी: मग माझ्या गनचंही तसंच काहीतरी सांगा. पिंपरीला जाऊन लेथवर आटे पाडून आणायचे का?

भावोजी: काही गरज नाही. लेकीला सांगा, नळी दुरुस्तीचा पितळी जोड पाठव. तिथल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. एका बाजूला त्यांचे बाहेरचे आटे, दुसऱ्या बाजूला काटेरी तोंड. आटे गनमध्ये बरोबर जातील, वायसर विसरू नका. काटेरी तोंड अर्धा इंची नळीत जाईल, कारण नळीचं आतलं भोक तिथेही १२.७ आणि इथेही १२.७ मिलिमीटर. नळीचं टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करा, तोंड पूर्ण आत ढकला, वरून क्लिप. आणि जोड पितळीच मागवा. तिकडे स्वस्त नळ्यांना अॅल्युमिनियमची तोंडं असतात. पितळेवर ती ओल्याने धरून बसतात आणि नंतर निघतच नाहीत.

वहिनी: एका टोकाला तुमचे आटे, दुसऱ्या टोकाला माझी क्लिप.

भावोजी: हो. गन मात्र खाली पार्किंगच्या नळाला वापरा, तिथे दोन किलो दाब आहे. एक इंची नळी काढून अर्धा इंची जाळीची नळी लावा, जाळीची नळी दाबाने फुगत नाही. नळावर पाऊण इंची आट्यांचा पितळी जोड कायमचा बसवा, क्लिप नळीच्या बाजूला. गच्चीवर तुमची आहे तीच व्यवस्था राहू दे.

वहिनी: तिथे हात लावणार नाही म्हणता?

भावोजी: चालतंय, गळत नाही, दाबाला पुरतं आणि तुम्हाला दुरुस्त करता येतं. जोडाकडून याहून जास्त काय हवं? फक्त त्या तुकड्याची भिंत तीन मिलिमीटर आहे, एवढं नळाशेजारी लिहून ठेवा.

हा वाद इथे मिटतो, आणि माझ्या मते योग्य ठिकाणी मिटतो. वहिनींची रीत कमी दाबाच्या, उघड्या तोंडाच्या नळीला पुरेशी आहे. ती स्वस्त आहे आणि कुणावर अवलंबून नाही. भावोजींची रीत दाब असेल, बंद होणारा फवारा असेल किंवा दुसऱ्या देशातली वस्तू असेल तिथे टाळता येत नाही. धातूच्या नळाशी आटे, लवचिक नळीशी क्लिप, आट्यांचा प्रकार बघून टेप किंवा वायसर, ही विभागणी जवळपास प्रत्येक घराला चालेल. जमवून घेण्याला माझा विरोध नाही. मात्र मोजून जमवलेलं टिकतं आणि दुसऱ्याला शिकवता येतं.

यात ग्राहकाने एकट्याने सगळं करावं हे बरोबर नाही. नळ्या आणि जोड बनवणाऱ्यांनी पाकिटावर नुसतं अर्धा इंच, पाऊण इंच छापणं बंद करावं. आटे बीएसपी आहेत की दुसरे, सरळ की निमुळते, नळीचा आतला व्यास किती आणि भिंत किती जाड, एवढ्या चार गोष्टी मराठीत छापल्या तर गिऱ्हाइकाची एक खेप वाचेल आणि दुकानदाराचा वेळही. नवीन इमारत बांधणाऱ्यांनी गच्ची आणि पार्किंगमधल्या नळांना वॉशिंग मशीनच्या नळासारखं पाऊण इंची बीएसपी तोंड द्यावं. सोसायट्यांनी सगळ्या नळांना एकच माप ठेवून ते सूचनाफलकावर लिहावं. म्हणजे माळी बदलला तरी जोड बदलणार नाही.

आणि वाचकाने एवढंच करावं: नळी घ्यायला निघताना जुना जोड पिशवीत टाकावा, दुकानात नवी वस्तू त्यावर हाताने चार वेढे फिरवून बघावी, आणि फिरली नाही तर पैसे देऊ नयेत.